कंबर, खुबा की मांडी? नक्की दुखतंय कुठे तेच कळेना

चकली_बिघडली | ४ मे, रात्री १:५२

नमस्कार मंडळी. वेळ बघून कळलंच असेल की झोप नाहीये. वय ४८, डोंबिवली, नोकरी ठाण्याला. चार महिने झाले, डाव्या बाजूला दुखतंय. सुरुवातीला मी सगळ्यांना "कंबर दुखते" एवढंच सांगत होते त्यामुळे सगळ्यांनी कंबरेचेच उपाय केले. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या आणि पट्टा दिला. मग एका ऑर्थोने कंबरेचा एमआरआय काढायला लावला, त्यात खालच्या दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलीय असं निघालं, झालं, "सायटिका आहे, मणक्यात गॅप आहे". दहा दिवस ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणतात ते) घेतलं, रोज ऑफिस सुटल्यावर धावतपळत. शून्य फरक.

आता प्रकार काय आहे तर डाव्या कुशीवर झोपलं की अर्ध्या तासात जाग येते, हाडावर कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं वाटतं. बरं उजव्या कुशीवर वळावं तर वरचा पाय पुढे गादीवर पडतो आणि तरीही दुखतं. उताणं झोपायची मला सवय नाही. स्टेशनचा जिना चढताना दुखतं, उतरताना तेवढं नाही. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत, मग ठीक. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, मांडी घालून बसता येतं. दुखतं ते परकराच्या नाडीच्या बरंच खाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागतं ना, तिथे. याला कंबर म्हणायचं का खुबा का मांडी हेच मला माहीत नाही. कुणाला असं झालंय का?

निवांत_नारळ | ४ मे, सकाळी ७:१०

ताई, तिळाचं तेल कोमट करून लसूण घालून चोळा. आमच्या आईला याच्याने फरक पडला होता. वात आहे.

हिशोबनीस | ४ मे, सकाळी ९:३५

तेल चोळा पण मीठ कमी करा, बाकी "मणक्यात गॅप" हे महाराष्ट्राचं राज्यदुखणं जाहीर करायला हरकत नाही. आमच्या सोसायटीत चौदा फ्लॅट आणि नऊ गॅप.

ओट्याशी_उभी | ४ मे, दुपारी ३:०४

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला, सतरा वर्षं झाली. इथे बसून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण ताईंनी इतकं नेमकं लिहिलंय की राहवेना.

आधी जागांची नावं. मराठीत आपल्याकडे शब्द आहे, खुबा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो, तो सांधा म्हणजे खुबा. पण बोलताना आपण हिप म्हणतो आणि हात ठेवतो ढुंगणावर, किंवा कंबर म्हणतो आणि त्यात बरगडीपासून मांडीपर्यंत सगळंच येतं. तिथूनच घोळ सुरू होतो. मी पेशंटला पहिली गोष्ट सांगते, तोंडाने बोलू नका, एका बोटाने दाखवा.

बोट पुढे जांघेत गेलं तर बहुतेक वेळा खुब्याचा सांधा स्वतः दुखतोय. काही जण तर अंगठा मागे आणि तर्जनी पुढे असा चिमटा करून कंबरेच्या बाजूला धरतात आणि म्हणतात "इथे आत कुठेतरी", ही खूण आम्हाला कॉलेजातच शिकवतात. बोट मागे ढुंगणाच्या मधोमध गेलं तर बहुतेकदा कंबरेचे मणके, किंवा माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे सांधे असतात ते, किंवा ढुंगणातला खोलवरचा स्नायू आणि त्याखालून जाणारी शीर. आणि बोट बाहेरच्या हाडावर गेलं, ताईंचं गेलंय तसं, तर बहुतेक वेळा सांधाही नाही आणि मणकाही नाही. खुब्याला आधार देणारे ढुंगणाचे जे स्नायू त्या हाडावर येऊन चिकटतात त्यांच्या शेवटच्या दोऱ्या दमलेल्या, दुखावलेल्या असतात. पूर्वी सगळे याला तिथल्या पिशवीची सूज म्हणायचे, आता लक्षात आलंय की बहुतेकदा मूळ भानगड त्या दोऱ्यांची असते. चाळिशी ते साठीतल्या बायकांमध्ये हे फार दिसतं.

ताई, दोन गोष्टी करून सांगा. भिंतीला बोट टेकवून फक्त डाव्या पायावर उभ्या राहा, तीस सेकंद. आणि मोजे घालताना किंवा पायाची नखं कापताना जांघेत अडकतं का ते बघा.

चकली_बिघडली | ४ मे, रात्री १०:२०

करून बघितलं. अकरा सेकंद, मग तिथेच, त्याच हाडावर कळ. नखं कापली आत्ताच, काही अडकलं नाही. आणि हो, अजून एक सांगायचं राहिलं, यूट्यूबवर बघून मी रोज दुखरा पाय दुसऱ्या पायावर आडवा घेऊन छातीकडे ओढायचा तो स्ट्रेच करत होते, वीस वीस वेळा.

ओट्याशी_उभी | ४ मे, रात्री १०:४१

बंद करा तो आजपासून. पाय आडवा आत घेतला की ती दोरी हाडावर दाबली जाते, तुम्ही रोज वीस वेळा दुखऱ्या जागीच दाबताय. उजव्या कुशीवर झोपल्यावर दुखतं त्याचंही कारण तेच, वरचा पाय आत पडतो. दोन गुडघ्यांमध्ये चांगली जाड उशी घ्या, घोट्यापर्यंत पुरेल अशी, पातळ तक्क्या नको. आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी एका कुशीवर भार टाकून उभं राहायची सवय असेल ती मोडा. आपल्या सगळ्याच बायका तशा उभ्या राहतात, मी पण, म्हणून तर हे नाव घेतलंय.

बाकी तुमच्या गावात चांगला ऑर्थो किंवा फिजिओ बघून हात लावून तपासून घ्या. कंबरेचा एमआरआय बघून खुब्याचं निदान कोणी करू नये. आणि चकती थोडी बाहेर येणं हे तुमच्या-माझ्या वयात काहीही न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या रिपोर्टात असतं, त्यामुळे रिपोर्टात दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं नाही.

संत्रानगरी | ५ मे, रात्री १२:१५

नागपूरहून. ताईंचं जे असेल ते असो पण जांघेत दुखणाऱ्यांसाठी माझी कथा लिहून ठेवतो, कोणाच्या कामी येईल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला, ऑक्सिजन, अकरा दिवस दवाखाना, स्टेरॉइड लागले. त्या वेळी ते लागतच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जीव वाचला. मग २०२२ च्या जानेवारीत उजव्या जांघेत दुखायला लागलं. पहिल्यांदा कधी कळलं तर मोटरसायकलवर टांग टाकताना. पाय वर जाईच ना, आत कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं. मग मोजे घालताना, मग मांडी घालून जेवायला बसताना. एकाने सांगितलं अंतर्गळ असेल, सोनोग्राफी केली, काही नाही. दुसऱ्याने सांगितलं गॅस. तिसऱ्याने एक्स-रे काढला, एक्स-रे एकदम नॉर्मल, "तुम्ही टेन्शन घेता" म्हणाले. पाच महिने गेले यात. मधल्या काळात दुखणं गुडघ्यात उतरलं तर गुडघ्याचा पण एक्स-रे झाला.

शेवटी एका म्हाताऱ्या सर्जनने मला पाठीवर झोपवून गुडघा वाकवला आणि पाय आतल्या बाजूला फिरवला, मी ओरडलो. ते म्हणाले एमआरआय काढ, दोन्ही खुब्यांचा. त्यात निघालं एव्हीएन. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद पडतात आणि हाड आतून मरायला लागतं. उजव्या बाजूचा गोळा चेपलेला होता, आणि डावीकडे, जिकडे मला काहीच दुखत नव्हतं, तिकडे पहिली पायरी. डाव्या बाजूला ड्रिल करून आतला दाब कमी करायचं ऑपरेशन झालं, ते अजून टिकलंय. उजवा खुबा बदलला, वय ३९. पाच महिने आधी एमआरआय झाला असता तर उजवा वाचला असता का, सर्जन म्हणाले खात्रीने सांगता येत नाही पण संधी जास्त होती.

वैनगंगा | ५ मे, सकाळी ८:५०

संत्रानगरी दादा, वाचून अंगावर काटा आला. २०२१ च्या जुलैत मुंबईतले असे रुग्ण पेपरात आले होते ते आठवतं, सगळे चाळिशीच्या आतले.

आमच्याकडे गडचिरोलीत एव्हीएनचं अजून एक कारण आहे जे पुण्या-मुंबईत कोणी पहिल्यांदा विचारत नाही, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात आणि तिकडे नंदुरबारकडे हा आजार बराच आहे. विळ्यासारख्या झालेल्या पेशी त्या बारीक नळ्यांत अडकतात. वीस-बावीस वर्षांचा पोरगा लंगडत आला तर आमच्या आरोग्य केंद्रात आधी सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट करतात. आणि दारू. दारूमुळे पण होतं, भरपूर आणि वर्षानुवर्षं घेतली तर.

हिशोबनीस | ५ मे, सकाळी ९:१५

गॅपवाला विनोद मागे घेतो. दादा, आता कसे आहात?

संत्रानगरी | ५ मे, सकाळी ९:३०

चालतो मस्त. भारतीय संडास बंद, खाली बसून जेवण बंद, बाकी चालू. लग्नात पंगतीला मला खुर्ची देतात आणि सगळे म्हातारे माझ्याकडे हेव्याने बघतात.

रातांबा | ५ मे, दुपारी १:२२

रत्नागिरीहून. दादांच्या पोस्टमधलं गुडघ्याचं वाक्य वाचून लिहितेय. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना संध्याकाळी खेळून आला की लंगडायचा आणि विचारलं की गुडघा दाखवायचा. रोज नाही, अधूनमधून. सासूबाई म्हणाल्या हाडं वाढतायत. शाळेतल्या बाई म्हणाल्या अभ्यास टाळतोय. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. दीड महिन्याने एका मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातच लावला नाही, खुबा फिरवून बघितला आणि मग कमरेचा फोटो काढायला लावला. पर्थीज. यात पण गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो, पण मुलांमध्ये हाड पुन्हा भरून येतं, फक्त त्याला दोन-चार वर्षं लागतात आणि तोवर गोळा वाटीत नीट राहून त्याचा आकार बिघडू नये हे बघायचं. मुलांना मुलींपेक्षा चार-पाच पट जास्त होतो म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं की १९१० मध्ये तीन देशांतल्या तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, कर्नाटकात उडुपीकडे, हा आजार बऱ्यापैकी जास्त दिसतो.

लेकरू आता अकरा वर्षांचं आहे. पळतो. थोडा लंगडतो अजून, दमल्यावर, पण ते फक्त मलाच दिसतं.

ओट्याशी_उभी | ५ मे, दुपारी २:१०

रातांबा ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना देणारी एक शीर सामाईक आहे, त्यामुळे दुखतो खुबा आणि मेंदूला वाटतं गुडघा. लहान मूल गुडघा धरून लंगडत असेल तर खुबा तपासल्याशिवाय घरी पाठवायचं नाही हा आमच्याकडे नियमच आहे. दहा ते सोळा वयातला जरा गुटगुटीत मुलगा असेल तर वाढीच्या रेषेवरून गोळा घसरण्याचा प्रकार असतो, त्यात तर चालू सुद्धा द्यायचं नाही. सर्दी-तापानंतर आठवडाभर खुबा दुखून आपोआप बरा होणारा प्रकार पण लहान मुलांत असतो, तो निरुपद्रवी.

पण एक वेगळं. ताप भरपूर आणि मूल पाय टेकवायलाच तयार नाही, पाय हलवू दिला की किंचाळतं, तर ती रात्र काढायची नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही तासांत कूर्चा खातो. सकाळी बघू म्हणायचं नाही.

बाळंतविडा | ५ मे, दुपारी ४:४५

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर, बाळाला दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची पद्धत आहे ना, ती खुब्यासाठी वाईट. माझ्या मुलीचा एक खुबा जन्मतः सैल होता, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की हात गुंडाळा हवं तर, पाय बेडकासारखे फाकलेले मोकळे ठेवा. आणि कडेवर घ्या भरपूर. कडेवर घेतल्यावर पाय कसे दोन्ही बाजूंना जातात, तीच पोझिशन बरोबर. आजी खूश, तिला तेवढंच पाहिजे होतं.

रात्रपाळी_रमेश | ६ मे, पहाटे ४:२०

पुणे, आयटी, वय २७. मी उलट्या बाजूने आलेला केस आहे. मला पण तीन वर्षं गॅप होता. ढुंगणात खोल दुखायचं, कधी डावीकडे, महिन्याने उजवीकडे. सगळे म्हणायचे बसून बसून होतं, विश्रांती घे. आणि माझं विश्रांती घेतली की वाढायचं!! पहाटे चारला दुखण्याने जाग, उठून घरात येरझाऱ्या घातल्या की कमी. सकाळी तासभर लाकूड झालेला असायचो, जिमला जाऊन आलो की माणूस. रविवारी दिवसभर लोळलो तर सोमवारी बोंब. हे मी सांगितलं की लोक हसायचे, आळशी लोकांना पनिशमेंट वगैरे.

संधिवातवाल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं "विश्रांतीने वाढतं की कमी होतं?" तीन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा आणि त्या सांध्यांचा सुजेचा संधिवात. आता औषध चालू आहे, ही पोस्ट पहाटेची दिसतेय ती खरंच रात्रपाळीमुळे.

(आणि घरातल्या सगळ्यांची बी२७ करून घेऊ नका माझ्यासारखी, बहिणीची पण पॉझिटिव्ह आली आणि तिला काहीही नाहीये. बऱ्याच पॉझिटिव्ह लोकांना आयुष्यभर काही होत नाही.)

निवांत_नारळ | ६ मे, सकाळी ७:३०

सगळं बरोबर आहे पण तेलाने निदान नुकसान तर नाही ना.

पाटलीणबाई | ६ मे, सकाळी ११:०५

होतं नुकसान. आमच्या आजी, वय ७८, पहाटे बाथरूमला जाताना चौकटीला अडखळून पडल्या. उठल्या, धरून चालल्या, दोन दिवस घरातल्या घरात चालत होत्या म्हणून सगळे म्हणाले मुका मार आहे. गावातल्या हाडवैद्याला बोलावलं, त्याने तेल लावून पाय ओढून "बसवला". तिसऱ्या दिवशी आजी उठल्याच नाहीत. पलंगावर बघितलं तर एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. खुब्याची मान मोडली होती. पहिल्यांदा हाड एकमेकांत रुतून बसलेलं होतं म्हणून चालत होत्या, ओढल्यावर सुटलं.

अर्धा खुबा बदलला. डॉक्टर म्हणाले हे ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हायला पाहिजे, आपण दोन दिवस तेल लावलं. मग निमोनिया. सहा महिने काढले त्यांनी.

म्हातारं माणूस पडलं आणि जांघ दुखते म्हणालं तर चालत असलं तरी फोटो काढा. मला बाकी वाद घालायचा नाही.

निवांत_नारळ | ६ मे, सकाळी ११:४०

पाटलीणबाई, माफ करा. मी पडल्यावर चोळा असं कधी म्हणणार नाही.

बेल्ट_नंबर_अडतीस | ७ मे, रात्री ९:००

छोटासा अनुभव. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ आणि तळहाताएवढा भाग बधिर, पँटचा कापड लागला तरी चरचर. मला वाटलं पॅरालिसिसची सुरुवात. न्यूरोवाल्याने माझा बेल्ट बघितला आणि हसला. तिथून कातडीला जाणारी एक शीर कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून येते, घट्ट पट्ट्याने आणि सुटलेल्या पोटाने ती दाबली जाते. बायकांना परकराच्या नाडीने होतं म्हणे. बेल्ट दोन भोकं सैल केला आणि चार किलो घटवले, सहा आठवड्यांत गेलं.

टेम्सकाठचा_तात्या | ८ मे, रात्री २:३०

लंडनहून, वय ६९. मला साधी झीज आहे खुब्याची. इथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांत हा फारच कॉमन आजार, आपल्याकडे गुडघे जातात तसे यांचे खुबे जातात. माझं नाव वेटिंग लिस्टवर आहे, आणि गंमत म्हणजे प्लॅस्टिकच्या वाटीतला धातूचा गोळा हा आधुनिक खुबा याच देशात जमला, जॉन चार्नली नावाच्या सर्जनने १९६२ मध्ये, मँचेस्टरच्या बाजूला. म्हणजे दुकान इथलंच आणि रांगही इथलीच.

एक प्रश्न. फिजिओने मला काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायला सांगितली. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. मला वाटतं ती घाईत होती आणि उलटं बोलली. आपल्याकडे सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात.

ओट्याशी_उभी | ८ मे, सकाळी ७:४५

काका, ती बरोबर बोलली. सिनेमातले सगळे म्हातारे चुकीच्या हातात काठी धरतात. चालताना प्रत्येक पावलाला तुम्ही क्षणभर एका पायावर असता. उजव्या पायावर असताना अंगाचं सगळं वजन खुब्याच्या डावीकडे लटकलेलं असतं, ते पडू नये म्हणून उजव्या ढुंगणाचे स्नायू जोरात ओढतात. वजन अधिक ती ओढ मिळून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास तिप्पट भार येतो. काठी डाव्या हातात असली की ती त्या लटकलेल्या बाजूलाच टेकू देते, स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि खुब्यावरचा भार चांगलाच उतरतो. विहिरीवरून डोक्यावर कळशी आणि एका हातात बादली आणताना दुसरा हात आपण कसा बाजूला काढतो, तोच हिशोब. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचा. उंची मनगटाच्या घडीएवढी.

टेम्सकाठचा_तात्या | ८ मे, रात्री ११:५०

स्वयंपाकघरात चालून बघितलं. च्यायला. दोन वर्षं उलट्या हातात धरत होतो.

मर्दानी_मिसळ | ९ मे, संध्याकाळी ६:२०

इंजेक्शन घ्यावं का पण? ताईंसारखंच मला हाय, बाहेरच्या हाडावर. आमच्या इथला डॉक्टर म्हणतोय एक सुई टोचली की विषय कट.

ओट्याशी_उभी | ९ मे, रात्री ९:१५

सुई वाईट नाही, पण विषय कट होत नाही. ऑस्ट्रेलियात याच दुखण्याच्या २०४ लोकांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आठ आठवड्यांनी "बरंच बरं वाटतंय" म्हणणारे व्यायाम आणि सवयी बदललेल्या गटात साधारण ७७ टक्के, एक स्टेरॉइडची सुई घेतलेल्या गटात ५८, नुसतं थांबलेल्यांत २९. रात्रीची झोपच उडाली असेल आणि व्यायाम करवतच नसेल तर सुई घेऊन दुखणं कमी असतं तेवढ्या काळात व्यायाम सुरू करायचे, असं मी सांगते. सुई घेतली, दुखणं थांबलं, लगेच जोतिबाचा डोंगर चढला, असं करणारे महिन्याने परत येतात.

चकली_बिघडली | ११ मे, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार, पाटलीणबाई तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. काल नवीन डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी आधीचा एमआरआय बाजूला ठेवला, बघितला पण नाही पहिल्यांदा. खुबा सगळीकडे फिरवला, छान फिरला. मग एका कुशीवर झोपवून बाहेरच्या हाडावर अंगठा ठेवला आणि मी टेबलावरून उडालेच. म्हणाले हेच. जांघेतलं दुखणं, ताप, वजन उतरणं, कधी कॅन्सर, स्टेरॉइडच्या गोळ्या, पडणं, हे सगळं विचारलं, सगळं नाही. सध्या एमआरआय नको म्हणाले. पट्टा काढून टाकायला सांगितला, मी तो परत देऊ का विचारलं तर हसले.

व्यायाम दिलेत. पहिल्यांदा नुसतं उताणं झोपून दोन्ही मांड्यांना ओढणीची गाठ मारायची आणि पाय बाहेर ढकलायचे, हलू न देता. मग ढुंगण उचलून पूल. तीन आठवड्यांनी भिंतीजवळ बाजूला सरकणं, हळू बसणं-उठणं. थोडं दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको.

अवांतर: नाव विचारलं होतं कोणीतरी निरोपात. भाजणीत मोहन जास्त झालं होतं, कढईत विरघळली.

रात्रपाळी_रमेश | २ जुलै, पहाटे ३:५५

धागा वर काढतोय. ताई, काय अपडेट?

चकली_बिघडली | ३ जुलै, दुपारी १:१५

सात आठवडे झाले. खरं सांगू का, पहिले तीन आठवडे काहीच नाही, मी सोडून देणार होते, उशीने मात्र पहिल्याच रात्री फरक पडला होता म्हणून नेट धरला. आता जिना चढते न दुखता, सलग दोन वेळा चढले तर जाणवतं. एका पायावर सव्वीस सेकंद. लोकलमध्ये दाराच्या कडेला एका कुशीवर भार टाकून उभी असले की स्वतःलाच ओरडते मनात. ओट्याशी खाली लाकडी पाट ठेवलाय, आलटून पालटून पाय ठेवायला.

एक विचारायचं होतं, श्रावण आलाच, भाचीची पहिली मंगळागौर आहे. फुगडी?

ओट्याशी_उभी | ३ जुलै, दुपारी २:००

उभी फुगडी सावकाश, दोन-चार फेरे, चालेल. झिम्मा चालेल. बसफुगडी आणि आगोटा-पागोटा यंदा नको, कोंबडा तर अजिबात नको. पिंग्यात एका पायावर ठेका धरणं येतं, ते दुसऱ्या दिवशी काय होतंय त्यावरून ठरवा. रात्री उशी विसरू नका, जागरणात सगळे विसरतात.

चकली_बिघडली | ६ ऑगस्ट, सकाळी १०:४०

झाली मंगळागौर. उभी फुगडी खेळले, भाचीच्या सासूबाईंबरोबर, त्या ६३ च्या आणि त्यांनी मला फिरवलं. पिंगा टाळला. पहाटे तीनला आडवी झाले, उशी घ्यायला खरंच विसरले आणि सातला जाग आली ती डाव्या कुशीवर. दुखत होतं, पण जाग दुखण्याने आलेली नव्हती, शेजारच्यांचा कुकर वाजला म्हणून आली.

संत्रानगरी | ६ ऑगस्ट, सकाळी ११:०२

भारी! माझी पण वार्षिक तपासणी झाली, डावा गोळा अजून गोल आहे. आणि सर्जनने मोटरसायकलची परवानगी तर कधीच दिली होती, हिंमत मला आत्ता झाली. फूटपाथच्या कडेला गाडी लावून टांग टाकली. बायकोने व्हिडिओ काढलाय, त्यात आवाज फक्त तिचाच आहे, "हळू, हळू, अहो हळू".